इंग्रजी वाक्यशुद्धीचे प्रश्न : कानावर विसंबावे की वाक्याचा सांगाडा शोधावा?

अन्वयार्थ (धागालेखक)

प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी वाक्ये दुरुस्त करण्याचा सराव करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांबरोबर मी गेली काही वर्षे बसत आलो आहे. प्रत्येकाला मी एक वही ठेवायला सांगतो. चुकलेला प्रश्न तीत उतरवायचा आणि आपण तो पर्याय का निवडला, हे त्याखाली एका ओळीत प्रामाणिकपणे लिहायचे, एवढेच त्या वहीचे काम. या वह्या चाळताना एकच ओळ पुन्हा पुन्हा भेटते : "हा पर्याय ऐकायला बरा वाटला." ज्यांचे इंग्रजी वाचन चांगले आहे, ज्यांना बोलताना अडखळावे लागत नाही, त्यांच्याही वहीत हीच ओळ असते, आणि म्हणूनच हा धागा काढावासा वाटला.

माझे म्हणणे असे आहे की आपला कान बिघडलेला नसतो. तो मराठीच्या नियमांनी घडलेला असतो आणि त्या नियमांशी तो इमान राखतो. मराठीत जे वाक्य पूर्णपणे निर्दोष असते, त्याच घडणीचे वाक्य इंग्रजीत सदोष ठरते अशा काही ठरावीक जागा आहेत, आणि परीक्षेतले बरेचसे प्रश्न नेमके त्या जागांवर उभे असतात. त्या जागा ओळखता आल्या तर पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो.

आधी परीक्षेविषयी थोडेसे. सध्याच्या डिजिटल सॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या पदवी-प्रवेशासाठीच्या परीक्षेत, वाचन आणि लेखन यांचा मिळून एकच विभाग असतो : 27 प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकाला 32 मिनिटे, एकूण 54 प्रश्न. त्यांतले 11 ते 15 प्रश्न प्रमाण इंग्रजीच्या नियमांवर असतात. त्यांचे दोन गट आहेत. पहिल्यात वाक्याच्या सीमा, म्हणजे विरामचिन्हे येतात, आणि दुसऱ्यात शब्दांची रूपे व वाक्यरचना. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

आता त्या जागांकडे वळतो. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी जागा म्हणजे स्वल्पविराम. "पाऊस थांबला, आम्ही निघालो" हे मराठी वाक्य कोणीही चूक म्हणणार नाही, कारण दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडायला आपली भाषा मोकळीक देते आणि त्यातून घटनांचा वेगही छान दिसतो. परीक्षेच्या इंग्रजीत मात्र "द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट" ही सरळ चूक आहे. तिथे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, किंवा स्वल्पविरामानंतर "अँड", "सो" यांसारखे उभयान्वयी अव्यय हवे. आपला कान इथे काहीच कुरकुर करत नाही, कारण कुरकुर करण्याचे त्याला कारणच नसते.

दुसरी जागा कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाची. "दुर्मीळ पुस्तकांची यादी टेबलावर आहे" या वाक्यात मुख्य नाम "यादी" आहे आणि त्याची सगळी विशेषणे त्याच्या आधी येऊन गेली आहेत, त्यामुळे क्रियापदाकडे जाताना "यादी" हाच शब्द आपल्या कानात ताजा असतो. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो. "द लिस्ट ऑफ रेअर बुक्स" म्हणताना "लिस्ट" मागे पडते, "बुक्स" क्रियापदाला खेटून उभे राहते, आणि मग "आर" हे क्रियापद सहज तोंडातून निघून जाते. प्रश्न काढणारे या दोघांमधले अंतर मुद्दाम वाढवतात. यादीनंतर तिच्या मालकाचे, मग त्याच्या गावाचे, मग त्या गावातल्या ग्रंथालयांचे वर्णन येते, आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी एक अनेकवचनी नाम ठेवलेले असते.

तिसरी जागा मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. "घरी येताना पाऊस लागला" हे वाक्य घ्या. येणारे आपण आणि लागणारा पाऊस, म्हणजे येण्याचा कर्ता वाक्यात उच्चारलेलाच नाही, तरी मराठी वाचकाला कणभरही अडचण होत नाही. "पाऊस पडून रस्ते ओले झाले" यातही पडणारा पाऊस आहे आणि ओले होणारे रस्ते आहेत. "येताना", "पडून" यांसारख्या आपल्या धातुसाधितांना स्वतःचा वेगळा कर्ता बाळगता येतो, किंवा तो अध्याहृतही ठेवता येतो. परीक्षेच्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीच्या अशा पदबंधाचा कर्ता आणि स्वल्पविरामानंतर लगेच येणारा कर्ता एकच असावा लागतो. म्हणून "वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड" या वाक्यात पाऊसच घरी चालत निघाला असा अर्थ होतो. "ॲज आय वॉज वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड" असे म्हटले की दोष जातो. विद्यार्थ्याने स्वल्पविरामापाशी थांबून "हे कोण करत होते?" एवढेच विचारावे आणि पुढचा शब्द त्याचे उत्तर आहे का ते पाहावे.

चौथी जागा आख्यात आणि धातुसाधित यांतल्या भेदाची. शाळेत आपण हे शब्द परीक्षेपुरते वाचून सोडून दिले, पण इथे तेच कामाला येतात. "जातो", "गेला", "जाईल" ही वाक्य पुरे करणारी आख्यात रूपे. "जाऊन", "जाताना", "जाणारा" यांनी वाक्य पुरे होत नाही. इंग्रजीत "प्रोव्हायडिंग", "टु प्रोव्हाइड", "हॅविंग प्रोव्हायडेड" ही दुसऱ्या जातीची रूपे आहेत. "द टेलिस्कोप, बिल्ट टु स्टडी डिस्टंट गॅलक्सीज, प्रोव्हायडिंग न्यू इमेजेस" हे ऐकायला भारदस्त वाटते, पण ते वाक्यच नाही, कारण दुर्बिणीला क्रियापदच मिळालेले नाही. "प्रोव्हाइड्स" लिहिले की वाक्य उभे राहते.

म्हणून माझी पद्धत अशी : पर्याय वाचण्याआधी वाक्याचा सांगाडा काढायचा. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकायचा, "ऑफ", "इन", "विथ" यांनी सुरू होणारे तुकडे बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्यात कर्ता कोण व आख्यात कोणते ते शोधायचे. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील, मतभेद असतील तर तेही.

कर्मणी

लेख फार आवडला. दुसऱ्या जागेत आणखी एक पदर आहे असे मला वाटते. आपल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागे जातच नाही. "मुलीने निबंध लिहिला, मुलीने चिठ्ठी लिहिली, मुलीने पत्र लिहिले" या तिन्ही वाक्यांत कर्ती तीच असली तरी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, आणि ते कर्म बहुधा क्रियापदाच्या अलीकडेच बसलेले असते. म्हणजे जवळच्या नामाकडे पाहून क्रियापद ठरवण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनच लागलेली असते. इंग्रजीत क्रियापद केवळ कर्त्याशीच जुळते, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना माहीत असते, पण सवय तत्त्वापेक्षा वेगवान असते.

माझी एक शंका आहे. "ॲज वेल ॲज" आणि "अलाँग विथ" यांनी जोडलेली नामे आली की मी हमखास अनेकवचनी क्रियापद लावते, कारण माणसे तर दोन झालेलीच असतात. यावर काही खूण आहे का?

अन्वयार्थ

कर्मणी प्रयोगाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मी आता विद्यार्थ्यांनाही सांगेन. तुमच्या शंकेला मराठीतच उत्तर सापडते. "मुलासह आई आली" असे आपण म्हणतो, "आले" म्हणत नाही, कारण "सह" हे शब्दयोगी अव्यय मुलाला कर्तेपद देत नाही. "अलाँग विथ", "टुगेदर विथ" आणि "ॲज वेल ॲज" यांना या परीक्षांपुरते "सह" समजावे आणि "अँड" ला "आणि" समजावे. "आई आणि मुलगा आले" इथे मात्र दोघे मिळून कर्ता होतात.

शाईपेन

लेखाच्या मांडणीचे कौतुक आहे, पण मूळ भूमिकेशी मी पूर्ण सहमत नाही. कानाला इतके दूर लोटणे मला धोक्याचे वाटते. ज्या विद्यार्थ्याने इंग्रजी भरपूर वाचलेले आहे, त्याला "रिगार्डेड" नंतर "ॲज" येते आणि "केपेबल" नंतर "ऑफ" येते, हे कोणत्या सांगाड्यातून कळणार आहे? ते वाचनातूनच मुरते, आणि मुरलेल्या ज्ञानालाच आपण कान म्हणतो. शिवाय प्रत्येक प्रश्नाला सरासरी 71 सेकंद मिळत असताना, बोटाने मजकूर झाकत कर्ता शोधत बसणाऱ्याचा वेळ संपण्याची भीती आहे. मी स्वतः कानावर विसंबूनच परीक्षा दिली होती आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

अन्वयार्थ

तुमच्या आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. शब्दांची सोबत नियमाने शिकता येत नाही, ती वाचनानेच येते. पण सॅटने शब्दरूपे आणि रचना या गटाखाली ज्या गोष्टी तपासायच्या ठरवल्या आहेत, त्या म्हणजे कर्ता-क्रियापद मेळ, सर्वनाम आणि त्याचे नाम, आख्यात-धातुसाधित भेद, काळ, सुरुवातीच्या पदबंधाचा कर्ता, आणि अनेकवचन व षष्ठीची रूपे. "रिगार्डेड" नंतर काय येते, हा प्रश्न त्या यादीत नाही. या सहाही गोष्टींना सांगाडा पुरतो, आणि त्यांतल्या शेवटच्या गोष्टीत तर कान काहीच करू शकत नाही, कारण "इट्स" ची अपॉस्ट्रॉफी असलेली आणि नसलेली रूपे कानाला तंतोतंत सारखी ऐकू येतात. विरामचिन्हांचेही तसेच आहे. अर्धविराम उच्चारता येत नाही.

वेळेबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. सुरुवातीचे काही दिवस सांगाडा काढायला वेळ लागतो हे खरे, पण कानाने निवडणारा विद्यार्थी चारही पर्याय मनातल्या मनात तीन-तीनदा म्हणून पाहतो आणि शेवटी दोघांमध्ये अडकतो. तो वेळ कोणी मोजत नाही. तुमचा कान ज्या वाचनावर पोसला गेला, तेवढे वाचन झालेल्यांना माझी पद्धत कदाचित लागणारही नाही. मी लिहितो आहे ते परीक्षेला तीन-चार महिने उरलेल्यांसाठी.

पानगळ

मी जीमॅटची, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची, तयारी करत आहे. ओळखीच्या एकाकडून जुनी सरावाची पुस्तके मिळाली आहेत आणि त्यांत वाक्यशुद्धीचे शेकडो प्रश्न आहेत. गेला महिनाभर मी रोज तेच सोडवत आहे. या धाग्यात सगळी चर्चा सॅटची चालली आहे, जीमॅटला हीच पद्धत लागू पडेल का?

अन्वयार्थ

कृपया ती पुस्तके आजच बाजूला ठेवा. नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून वाक्यशुद्धीचे प्रश्न पूर्णपणे काढून टाकण्यात आले. जुनी आवृत्ती 31 जानेवारी 2024 पर्यंतच देता येत होती. आता भाषेच्या विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात आणि ते सगळे उताऱ्यांचे आकलन आणि तर्कचिकित्सा यांचे असतात. जुन्या पुस्तकांतले उतारे आणि तर्काचे प्रश्न अजूनही उपयोगाचे आहेत, तेवढे ठेवा. महिनाभराचा सराव वाया गेला असे मात्र समजू नका, कारण लांब वाक्यातला कर्ता चटकन शोधण्याची सवय उतारे वाचतानाही साथ देते.

जुन्या जीमॅटमधली एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण ती मराठी माणसाला सोपी जायला हवी होती. "द बोर्ड रिकमेंडेड दॅट ही रिझाइन" या वाक्यात "रिझाइन्स" का नाही, यावर विद्यार्थी अडून बसत. आपल्याकडे "त्याने राजीनामा द्यावा अशी शिफारस केली" असे म्हणतात, "तो देतो अशी शिफारस" कोणी म्हणत नाही. विध्यर्थ आपल्याकडे रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, इंग्रजीत तो असा एखाद्या कोपऱ्यात उरला आहे.

दीपमाळ

या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख व्हावा असे वाटते. परीक्षेचे नियम आणि भाषेचे नियम एकच असतात असे विद्यार्थी धरून चालतात, पण ऑक्टोबर 2002 मध्ये झालेल्या पीसॅटच्या (सॅटच्या पूर्वतयारीच्या परीक्षेच्या) एका प्रश्नाने हे गृहीतक चांगलेच हलवले होते. "टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टु क्रिएट" अशी सुरुवात असलेले एक वाक्य देऊन त्यात चूक आहे का, असे विचारले होते, आणि परीक्षकांच्या मते वाक्य निर्दोष होते. एका शिक्षकाने आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की वाक्यात "टोनी मॉरिसन" हे नाम स्वतंत्रपणे आलेलेच नाही, ते षष्ठीच्या रूपात "जीनियस" चे विशेषण म्हणून आले आहे, आणि काही व्याकरणपुस्तकांनुसार अशा षष्ठ्यन्त नामाकडे "हर" हे सर्वनाम बोट दाखवू शकत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने आधी हा आक्षेप फेटाळला, पण पुढे तज्ज्ञांचे मत घेऊन 2003 मध्ये तो प्रश्न रद्द केला आणि गुणांची फेरमोजणी केली.

मला स्वतःला ते वाक्य निर्दोषच वाटते. "तिच्या आईच्या प्रेमाने तिला घडवले" या वाक्यात दुसरी "ती" कोण, असा गोंधळ होऊ शकतो, कारण तिथे दोन स्त्रिया आहेत. पण "लेखिकेच्या प्रतिभेने तिला बळ दिले" यात "तिला" म्हणजे कोणाला, हा प्रश्न मराठी वाचकाला पडत नाही, आणि बहुतेक इंग्रजी वाचकांनाही पडत नसणार. तरीही प्रश्न रद्द झाला, कारण ज्यावर जाणकारांमध्येच वाद आहे तो नियम लाखो मुलांच्या गुणांचा आधार होऊ शकत नाही. विद्यार्थ्याने यातून एवढेच घ्यावे की परीक्षा साधारणपणे निर्विवाद जागांवरच प्रश्न विचारू पाहते. "टु" आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण यावे का, वाक्य शब्दयोगी अव्ययाने संपावे का, असल्या जुन्या वादांवर उत्तर ठरेल या भीतीने कोणताही पर्याय बाद करू नये.

शाईपेन

हा प्रसंग मला माहीत नव्हता, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. अन्वयार्थ यांच्या उत्तरानंतर मी माझ्या जुन्या सराव-चाचण्या पुन्हा काढून पाहिल्या. माझ्या चुका शब्दांच्या सोबतीत फारशा नव्हत्या, त्या विरामचिन्हांत आणि तुलनेच्या वाक्यांत होत्या, हे कबूल करायला हवे.

तुलनेचा मुद्दा तुमच्या यादीत जोडावा असे सुचवतो. "माझे घर तुझ्यापेक्षा मोठे आहे" असे आपण सर्रास म्हणतो, आणि ऐकणारा "तुझ्या घरापेक्षा" असे आपोआप समजून घेतो. इंग्रजीत "माय हाउस इज बिगर दॅन यू" म्हटले की घराची तुलना माणसाशी होते. "दॅन युअर्स" म्हणावे लागते. हेच मोठ्या वाक्यात दडते तेव्हा ओळखणे कठीण जाते. "द क्लायमेट ऑफ द कोस्ट इज मिल्डर दॅन द माउंटन्स" हे वाक्य मी अगदी बिनधास्तपणे बरोबर ठरवले होते. तिथे हवामानाची तुलना डोंगरांशी झाली आहे, "दॅन दॅट ऑफ द माउंटन्स" असे हवे होते.

अन्वयार्थ

हे उदाहरण माझ्या चारही जागांपेक्षा अधिक नेमके आहे. ऐकणाऱ्यावर विश्वास टाकून शब्द वगळणे ही मराठीची मोठी शक्ती आहे, आणि तीच सवय या प्रश्नांत आड येते. जुन्या जीमॅटचा तर तुलना हा आवडता विषय होता. सॅटच्या सध्याच्या यादीत तो वेगळा नोंदलेला नाही, पण लेखनात ही चूक टाळायलाच हवी.

उंबरठा

मी काही आठवड्यांनी सॅट देणार आहे. संपूर्ण धागा दोनदा वाचला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, व्याकरणाचे प्रश्न आधी सोडवावेत की क्रमाने जावे? दुसरी, "हाऊएव्हर" असलेल्या प्रश्नांत माझे उत्तर निम्म्या वेळा चुकते. "हाऊएव्हर" च्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम, असा नियम मला शिकवला गेला आहे, आणि तो पर्याय दिसला की मी लगेच निवडतो. सराव-चाचणीत असे एक वाक्य होते, आठवते तसे लिहितो. आधीचे वाक्य : "एक्स्पर्ट्स थॉट द फिश लिव्ह्ड ओन्ली इन शॅलो वॉटर." नंतरचे : "अ न्यू सर्व्हे फाउंड इट इन डीप वॉटर हाऊएव्हर इट वॉज सीन देअर ट्वाइस." मी अर्धविराम आधी घेतला आणि तो चुकला. का चुकला ते उत्तरसूचीतून कळले नाही.

अन्वयार्थ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : प्रत्येक भागात प्रश्न ठरावीक क्रमाने येतात. आधी शब्दार्थ आणि उताऱ्याचे प्रश्न, मग व्याकरण, आणि शेवटी लेखनातील मांडणीचे. त्या भागाच्या आत तुम्हाला पुढे-मागे जाता येते, मात्र पहिला भाग संपला की त्यात परत जाता येत नाही. उतारे वाचताना तुमचा वेळ संपत असेल तर व्याकरणाचे प्रश्न आधी सोडवून मागे या, पण हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. एक-दोन पूर्ण सराव-चाचण्यांत करून पाहा आणि रुचले तरच ठेवा.

चिन्हांच्या प्रश्नांत एक आडवाटेची खूणही उपयोगी पडते. चारही पर्यायांत शब्द तेच असतील आणि फक्त चिन्हे वेगळी असतील, तर ज्या दोन पर्यायांचे व्याकरणदृष्ट्या काम एकच आहे, उदाहरणार्थ एकात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम, ते दोन्ही बाद होतात, कारण बरोबर उत्तर एकच असू शकते. अपूर्णविराम (:) असलेला पर्याय दिसला तर त्याच्या आधीचा मजकूर स्वतंत्र वाक्य म्हणून उभा राहतो का ते तपासा. "द किट इन्क्लूड्स" इथे थांबता येत नाही, म्हणून तिथे अपूर्णविराम चालत नाही.

आता "हाऊएव्हर". तुम्हाला शिकवलेला नियम चूक नाही, अपुरा आहे. "हाऊएव्हर" चा खरा मराठी जोडीदार "पण" नाही, "मात्र" आहे. "पण" दोन वाक्यांच्या सांध्यावर बसते. "मात्र" आपल्या वाक्याच्या आत कुठेही बसू शकते आणि विरोध दाखवते तो आधी येऊन गेलेल्या विधानाशी. तुमच्या उदाहरणात दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्ये आहेत, त्यामुळे अर्धविराम "हाऊएव्हर" च्या आधी घातला काय आणि नंतर घातला काय, व्याकरण दोन्हीकडे बिनचूक राहते. निर्णय अर्थावर होतो. तज्ज्ञांना मासा उथळ पाण्यातच राहतो असे वाटत होते. नव्या पाहणीत मात्र तो खोल पाण्यात आढळला. विरोध इथे आहे, म्हणजे "हाऊएव्हर" पहिल्या अर्ध्या भागाचे आहे. तो तिथे दोनदा दिसला, हा पुढचा भाग विरोध करत नाही, आधीच्या विधानाला पुष्टी देतो. म्हणून "इन डीप वॉटर" नंतर स्वल्पविराम, मग "हाऊएव्हर", आणि त्यानंतर अर्धविराम. तुम्ही अर्धविराम आधी घातलात तेव्हा वाक्याचा अर्थ "तो खोल पाण्यात आढळला, मात्र तो तिथे दोनदा दिसला" असा झाला.

उंबरठा

मराठीत वाचल्यावर चूक लगेच दिसली. माझ्या वहीतले "हाऊएव्हर" चे उरलेले सगळे प्रश्न आज रात्री "मात्र" घालून पुन्हा सोडवतो आणि अडलेले इथेच लिहितो.